सावंत मिस्त्रींच्या आईची फेरी

ब्रेकचे लायनर विलायती घ्यावेत की इथले, असं कुणी विचारलं की मला सावंत मिस्त्रींची आई आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते आणि आमच्या जुन्या मोटारीचे ब्रेक गेले होते. लालबागचे सावंत मिस्त्री म्हणाले, "विलायती लायनर यायला तीन महिने लागतील. इथं बनलेले आज बसवतो."

"धरतील ना? घरी हिला आठवा महिना आहे हो."

मिस्त्री हसले. नवे ब्रेक बसवले की पहिल्या फेरीला आपल्या आईला मागे बसवायचं, ही त्यांची रीत. म्हातारी नऊवारी सावरून बसली. मलबार हिलच्या माथ्यापर्यंत गाडी स्वतः नेऊन मिस्त्री म्हणाले, "आता तुम्ही चालवा."

उतारावर गाडी अलगद सुटली. सकाळचं विरळ धुकं, दोन्हीकडे झाडं आणि वळणावर एकदम खाली पसरलेला समुद्र. चाकं जमिनीला टेकतच नाहीत असं वाटलं. मी भानावर आलो आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

सुटकेचा निःश्वास टाकून मी मागे पाहिलं, तर म्हातारी रागावलेली.

"थांबयलंस कित्याक रे झिला? दर्या आत्ताच तर दिसूक लागलो!"