दाराआडून कळलेलं दुखणं

घाटंजीच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. कुंदाताईंनी डोळे मिटून घेतले होते, पण कान शेजारच्या बाकावरच्या दोघींकडे होते.

"नशीब काढलं बाई तू, रजनी! अनिकेत पुण्याच्या कंपनीत, अन् महिन्यातून एकच आठवडा हापिस. बाकी घरून काम, तुह्या हातचं जेवण."

"घरी कुठं राह्यते तो? दार लावून घेते. चार वाजता माहा चहा घेऊन लॅपटॉपपुढं बसते. टीमचे सारे आपापल्या घरून चहा घेऊन येतात. मंग काय ते हासणं!"

"हासते तं चांगलंच हाय ना."

"माह्यासंगं हासते काय? त्याची केतकी मॅडम कामाच्या पयले सगळ्यायले इचारते, कसे हा म्हणून. पाठ दुखून राह्यली, हे त्यानं तिले सांगतलं. मले दाराआडून समजलं."

"तू काहून नाही इचारत?"

"रोज इचारून राह्यली. 'काही नाही आई.' बस! त्याच्या तापात रात्र रात्र ती मॅडम बसली होती काय?"

"बरं, मंग पेशंट कुठं हाय?"

"मीटिंगमधी. मी दवाखान्यात आली, हे त्याले माहीत नाही."

कंपाउंडरनं कुंदाताईंचं नाव पुकारलं. त्या जागच्या हलल्या नाहीत; रजनीची मैत्रीण बोलत होती.

"रजनी, माहा पियूष पुण्यातच राह्यते, रोज हापिसात जाते. त्याचं काय दुखते, हे आयकाले मी कोणाच्या दाराले कान लावू?"