शिफारसपत्राचा मसुदा

दातांच्या दवाखान्यात शिवणकामवाल्या बाई सुजल्या गालावर रुमाल दाबून बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारे प्राध्यापक आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी. दोघं हळू बोलत होते, पण दुखत होता तो दात. बाईंचे कान शाबूत होते.

“पुरस्कार तुला हवाय, आणि शिफारसपत्रही तूच लिहून आणलंस?”

“तुम्हीच म्हणालात सर, मसुदा आण, मी सही करतो.”

“यात तुझं नाव दोनदा आणि माझं सात वेळा आलंय.”

“पत्र तुमच्याकडून जाणार ना.”

“‘सरांच्या देखरेखीखाली गव्हावरच्या तांबेरा रोगावर प्रयोग केले.’ कधी गं?”

“ती दोन वर्षं. तुम्ही परदेशी होतात तेव्हा.”

“मग देखरेख काय विमानातून केली मी?”

“सर, असंच लिहितात सगळे.”

“आणि त्या कामाचा पुरस्कार कुणाला मिळाला?”

“जाऊ द्या ना.”

“अगं, विचारतोय.”

“तुम्हाला.”

बाईंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे जायची खूण केली.

“पेन आहे?”

“हो. सही इथे खाली, सर.”

“यावर नको. कोरा कागद दे. माझा पुरस्कार कुणाच्या कामावर आला, तिथून सुरुवात करतो.”