शर्यतीपायी पुढे गेलेले लग्न

शिंप्याच्या दुकानात मी वाट पाहत बसले होते. शेजारच्या बाकावर दोन तरुण मित्र होते. दुसऱ्यांचे बोलणे चोरून ऐकण्याची मला सवय नाही; ते दोघे मोठ्याने बोलत होते, एवढेच.

“डोंगरातली मोटारसायकलची शर्यत रद्द झाली रे! दरवर्षी जिथे उभं राहून आपण ती बघतो, ते वळण यंदा सुनं पडणार.”

“रडतोस काय? त्याच रविवारी तुझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं. हॉल मिळत नाही अशी थाप मारून तूच ते पुढे ढकललंस.”

“हळू बोल! पडद्यामागे ती लग्नाचे कपडे घालून बघतेय. कळलं तर माझी खैर नाही.”

“मग आपणहून कबूल कर.”

“आणि आईला काय सांगू? शर्यतीसाठी लेकीचं लग्न लांबवलं म्हणून?”

पडदा सरकला. बाहीला टाचण्या लावलेली बहीण बाहेर आली.

“दादा, शर्यत खरंच रद्द?”

“माफ कर गं. मी हॉलवाल्यांना विचारलंच नव्हतं.”

“मी विचारलं होतं. हॉल रिकामा होता.”

“मग गप्प का बसलीस?”

“त्या दिवशी बोहल्यावर उभी राहिले असते, तर दरवर्षीसारखी वळणावर तुझ्या शेजारी कशी उभी राहिले असते?”