फौजेनं काय शिकवलं?

खरं सांगते, मला वाटलं होतं काका लढाया सांगतील. त्यांनी सांगितलं भलतंच. मी परदेशात शिकून पौडला परतले होते. लंडनची नोकरी घ्यावी की सैन्यात जावं, ठरत नव्हतं. म्हणून निवृत्त सुभेदार काकांना विचारलं, “फौजेत काय मिळालं?”

“अगं, मी मुळशी धरणाकाठचा, पण पोहायला शिकलो राजस्थानात! बर्फावर घसरायला शिकलो, तमिळ शिकलो, बारावीबी तितंच झालो. लई दिलं फौजेनं.”

काकी म्हणाली, “चहा करायला तेवढं न्हाई शिकवलं!”

“त्येबी शिकवलंय. तुला सांगितलं न्हाई, इतकंच.”

नोकरीबद्दल इतक्या आनंदानं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंडनला नकार कळवला आणि सैन्यभरतीच्या तयारीसाठी पळायला निघाले.