टाक्यांचा हट्ट

आमचं घर हिमरू शाली विणणाऱ्यांचं, शहागंजच्या मागं, निजामाचं राज व्हतं तव्हा. अब्बा माग चालवायचे, त्यांचे अब्बाबी तेच. काय सांगू तुम्हाला, मला पोहता आलं नाय, झाडावर चढता आलं नाय, पण बसायला सांगा, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून सकाळी फळीवर बसलो की दिवस बुडता मगरिबच्या अजानपर्यंत बसलेलाच. त्या बसण्यानंच घात केला बघा.

पंचविशीत असंन, माकडहाडावर गाठ आली. लाजंपायी कुणाला दावली नाय, जागाच तशी, दावायची कशी? मग पू यायला लागला, पायजम्याला डाग, तव्हा माझी बीबी रशीदा म्हणली, आवो, माझ्यापासून काय लपवता, फिरा तिकडं. तिनं बघितलं आन् पहिलं पाणी उकळायला ठेवलं.

गल्लीतल्या जर्राहनं, फोडं कापायचा तो, गळू म्हणून दोनदा फोडलं, दोनदा पुन्हा भरलं. म्हणला, हा नासूर हाये, आत खोल वाहणारा, माझ्या हातचा नाय, सरकारी दवाखान्यात जा. आता दवाखाना म्हणलं की आमच्याकडं रडारड, तिथं गेलेला चादरीखालीच येतो म्हणायचे. गेलो तरी. डागदरनं चिमट्यानं आतून केसांचा पुंजका काढून दावला. माझेच केस! मी तोबा तोबा करत म्हणलं, कुणीतरी करणी केली. ते म्हणले, करणी कसली, बसून बसून केस आत घुसतात. कापून काढावं लागंल आन् जखम उघडी ठेवायची, तळापासून भरत येईल, दोनेक महिने पालथं पडा. टाके घातले तर लवकर मिटंल, पण पुन्हा उलटायचा धोका लई.

आता मी विणकर माणूस. सूत तुटलं की गाठ मारायची, भोक दिसलं की रफू करायचं, आन् हा म्हणतो भोक उघडं ठेव! उघड्या भोकातून जीव निघून जाईल असंच वाटायचं मला, खरं सांगतो. पाया पडलो, साहेब टाके घाला, हट्टच धरला. लई समजावलं त्यांनी, मग घातले. नाकावर औषधाचं फडकं ठेवलं तव्हा मी कलमा पढत व्हतो, तो अर्ध्यातच राह्यला.

वरून झकास मिटलं. मी आठवड्यात मागावर. आन् ईदच्या आधी पुन्हा ठणका, पुन्हा पू. घाण आतच राह्यली, वरून मीच कोंडून घेतली. डागदर रागावले नाय, तेच जास्त लागलं. म्हणले, आता ऐकणार? दुसऱ्या डावाला भ्या दुप्पट, कारण आता समदं ठावं व्हतं.

पुन्हा कापलं आन् जखम उघडी ठेवली. रशीदा रोज पट्टी काढून उकळलेलं कापड आत भरायची, मी उशी दातात धरायचो. रोज विचारायचो, किती राह्यलं गं? बोटभर. मग अर्धं बोट. मग नखाएवढं. मला वाटायचं ही खोटं बोलती, मला भ्या वाटू नये म्हणून. पण भरलं. तरी मागापाशी गेलो तर फळीवर बसवंना, उभाच. तिनं खांद्यावर हात ठेवला, बसा आता, म्हणली. बसलो.

आता रशीदा नाय, मागबी नाय. पण आजबी सकाळी उठलो की पहिला हात मागं जातो, ओलं तर नाय ना? आन् ओलं निघालं तर आता बघणार कोण? कोरडं असलं की अल्लाचं नाव घेतो. आरं, तुम्ही कामून उभे मघापासून? बसा. अल्ला तुम्हाला असंच सुखानं बसतं ठेवो.