उरलेल्या चौघांचं घर

एक आजोबा दवाखान्यात पुस्तक उघडून बसले होते. कान मात्र शेजारी लॅपटॉप उघडून बसलेल्या बहीणभावाकडे होते.

“ताई, या संगणकात मी दुसरा, नकली संगणक चालवतोय. आठ प्रोसेसर, मेमरीची दोन घरं. पण फार रखडतोय.”

“म्हणजे उद्या धाकटीचं बाळ बघायला येत नाहीस?”

“हे सुटल्याशिवाय साहेब सोडणार नाहीत. प्रोसेसरना घरं तर नेमून दिलीत.”

“आठही जणांना?”

“पहिल्या चौघांना... अगं, उरलेल्यांचं सांगायचंच राहिलं! ते आपले पहिल्याच घरात घुसले, आणि त्यांचं सामान दुसऱ्या घरात. हेलपाटे घालतायत बिचारे!”

“तुझ्यावरच गेलेत.”

कीबोर्ड खडखडला. आजोबांच्या पुस्तकाचं पान काही उलटेना.

“ताई, त्या चौघांना दुसरं घर दिलं, आता संगणक पळतोय! धाकटीला कळव, मामा येतोय.”

“तूच कळव. दर वेळी तू येणार म्हणून मीच सांगते, आता माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही.”