तात्यांनी चहा का सोडला

कुणी चहा नको म्हटलं की मला धडकी भरते. कारण ऐका.

पळसदरीला आमच्या बोकडाची लघवी तुंबली. तो नुसता कुंथत होता. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं.

"खडा अडकलाय. भरडा जास्त चारलात, पाणी कमी पडलं. मोकळं झालं नाही तर लघवीची पिशवी फुटेल."

माझे वडील, तात्या, सकाळपासून चहाला शिवले नव्हते. आम्हाला वाटलं, बोकडाची काळजी.

डॉक्टरांनी टोकाशी अडकलेला खडा काढला आणि धार लागली. आम्ही हुश्श केलं. तात्या मात्र भिंत धरून, घामानं निथळत उभे.

"डाक्टर, माणसाची बी पिशवी फुटते काय वो?"

डॉक्टरांनी वळून बघितलं. "तात्या, कधीपासून झाली नाही?"

"बोकडाच्या आदीपासून."